मॉनिटरवरचा काळा राखाडी दिसतोय? आधी रेंज बघा

मी सांगलीत लग्नपत्रिकांचं डीटीपी करते. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर मान आखडायला लागली म्हणून चोवीस इंची मॉनिटर घेतला आणि एचडीएमआय केबलने जोडला. लॅपटॉपवर गणपतीचा शेंदरी झळझळीत, मॉनिटरवर तोच गणपती बटर पेपरखाली ठेवल्यासारखा. लाल फिका वाटला म्हणून मी फाइलमधलाच लाल गडद केला. प्रूफ हातात आलं तेव्हा कुंकवाचा रंग आमसुलासारखा काळपट झाला होता. लग्नघरच्यांना तो कागद दाखवताना फार वाईट वाटलं.

तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगते: मॉनिटरची बटणं दाबायच्या आधी आणि फाइलला हात लावायच्या कितीतरी आधी, कॉम्प्युटर काय पाठवतोय ते बघा.

कॉम्प्युटरसाठी काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 255, ही ‘फुल’ रेंज. टीव्हीच्या पद्धतीत काळा 16 वर आणि पांढरा 235 वर असतो, ही ‘लिमिटेड’ रेंज. एचडीएमआय लावली की ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्याकडे चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर) कधीकधी मॉनिटरलाच टीव्ही समजतो आणि 16 ते 235 एवढंच पाठवतो. मॉनिटर मात्र 0 ची वाट बघत असतो, म्हणून 16 त्याला गडद राखाडी वाटतो. रात्री दिवे घालवून पूर्ण काळं चित्र दोन्ही पडद्यांवर उघडा. मॉनिटरवर राखाडी धुकं दिसलं, तर बहुतेक हेच दुखणं आहे.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा. ‘चेंज रेझोल्यूशन’मध्ये खाली एनव्हिडियाच्या कलर सेटिंग्ज निवडा, आउटपुट कलर फॉरमॅट ‘आरजीबी’ आणि डायनॅमिक रेंज ‘फुल’ करून अप्लाय करा. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये याला ‘क्वांटायझेशन रेंज’ म्हणतात. एएमडीत ‘पिक्सेल फॉरमॅट’ शोधा आणि फुल आरजीबी निवडा. माझ्याकडे अप्लाय दाबताक्षणी पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला तो शेंदरी घेऊनच.

काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ असते. दोन्हीकडे एकच हवं. कॉम्प्युटर फुल पाठवतोय आणि मॉनिटर लिमिटेडवर आहे, असं झालं तर उलटाच घोळ होतो: शालूच्या गडद हिरव्या चुण्या एकमेकींत मिसळून काळा डाग उरतो.

रंग ठीक, पण लाल अक्षरांच्या कडा फिसकटल्यासारख्या दिसतात? मग फॉरमॅट 4:2:2 किंवा 4:2:0 असणार. त्यात रंगाची माहिती कमी करून पाठवतात, आणि पिवळ्यावर लाल ‘श्री’ असला की ते लगेच डोळ्यात भरतं. आरजीबी निवडा. तो पर्यायच दिसत नसेल तर रिफ्रेश रेट (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) कमी करून बघा, कारण केबलला तेवढा भार झेपत नसतो.

विंडोजमध्ये एचडीआर (जास्त उजेड-अंधार दाखवू शकणाऱ्या पडद्यांसाठीची सोय) चालू असेल तर बंद करा, साध्या मॉनिटरवर त्याने सगळंच मलूल दिसतं. विंडोज, ऑल्ट आणि बी एकत्र दाबलं की तो चालू-बंद होतो. रात्री पडदा पिवळसर करणारा नाइट लाइटही बंद हवा.

जुनी व्हीजीए केबल असेल तर गोष्ट वेगळी. पांढरा पिवळा दिसला तर निळा रंग पोचत नाहीये, गुलाबी-जांभळा दिसला तर हिरवा. केबल काढून पिना बघा, वाकलेली असेल तर हलक्या हाताने सरळ करा, आणि दोन्ही स्क्रू नीट आवळा.

एवढं झाल्यावरच मॉनिटरच्या मेनूकडे वळा. आधी रिसेट, मग एसआरजीबी मोड (कॉम्प्युटरच्या रंगांचं नेहमीचं प्रमाण), तो नसेल तर कलर टेंपरेचर 6500. त्यानंतर एखादं चांगलं छापील प्रूफ पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावरचा पांढरा कागदाच्या पांढऱ्याशी जुळेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. माझा 30 वर येऊन थांबला.