चवळीचे दाणे घेऊन जीन ड्राइव्ह कसा दाखवायचा: विज्ञान प्रदर्शनासाठी पूर्ण कृती

विज्ञान प्रदर्शनासाठी यंदा डासांचा विषय घ्या असं मी सगळ्यांना सांगतोय, कारण सोलापुरात पाणी चार-पाच दिवसाआड येतं, त्यामुळे घरोघरी पिंपं, बॅरल, हौद भरलेले, आणि डेंग्यूचा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणजे विषय पोरांच्या घरातलाच आहे. त्यात जीन ड्राइव्ह, म्हणजे एखादा जीन निम्म्याहून जास्त पिल्लांत पाठवून अख्ख्या जातीत पसरवायची युक्ती, ही अशी गोष्ट आहे की नुसतं वाचून डोक्यात शिरत नाही, पण हाताने एकदा करून बघितली की आठवीचं पोरगंही दुसऱ्याला समजावून सांगतं. डीएनएची कात्री दाखवणारी रंगीत पोस्टर्स नेटवरून काढून चिकटवू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. दाणे घ्या.

आधी थोडक्यात विषय काय ते. प्रत्येक जीनच्या, म्हणजे जनुकाच्या, दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून, आणि पुढच्या पिढीत कुठली जाणार हे निम्मं-निम्मं असतं, पन्नास टक्के. काही जीन मात्र हा नियम पाळत नाहीत, ते स्वतःचा हिस्सा पन्नासच्या वर नेतात, किड्याला त्याचा फायदा होवो न होवो. यांना स्वार्थी जीन म्हणतात आणि हे कुठल्या लॅबने तयार केलेले नाहीत, निसर्गात आधीपासून आहेत. फळमाशीत १९५० च्या दशकात असा एक सापडला, तो ज्या नरात असतो त्या नराचे जे शुक्राणू त्याला घेऊन जात नाहीत तेच बाद होतात, शर्यतीत जोरात पळायच्या ऐवजी शेजारच्याला पाडून पहिला यावा तसं. एडिस डासातही १९६० साली असा घटक सापडला ज्याच्यामुळे पिल्लांत नरच जास्त निघतात. आणि आपल्या ज्वारीच्या पिठात तांबूस बारीक किडे होतात ना, चाळताना चाळणीत राहतात ते, त्यांच्यात १९९२ मध्ये मेडिया नावाचा घटक सापडला, तो आईत असला की ज्या पिल्लांना तो मिळाला नाही ती पिल्लं मरतात, मिळाला ती जगतात. पोरांना पिठातला किडा दाखवून हे सांगितलं की एकदम कान टवकारतात, म्हणून एका काचेच्या बाटलीत थोडं जुनं पीठ आणि चार किडे ठेवाच.

२००३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या ऑस्टिन बर्ट यांनी मांडलं की डीएनए कापून स्वतःची प्रत समोरच्या जागेवर चिकटवणारे जे स्वार्थी जीन आहेत त्यांचा वापर करून डासांची अख्खी जात बदलता किंवा कमी करता येईल. पुढे डीएनए कापायचं क्रिस्पर नावाचं तंत्र आलं आणि हवी ती जागा कापणं सोपं झालं. आता खेळ.

सामान: लाल चवळी आणि पांढरी चवळी, प्रत्येकी वाटीभर. दोन्ही एकाच आकाराच्या पाहिजेत, हे लई महत्त्वाचं आहे, हरभरा आणि ज्वारी असं घेतलं तर पिशवीत हात घातल्यावर बोटालाच कळतं काय हाताला लागलं ते आणि मग पोरं नकळत निवडून काढतात. मंगळवार पेठेत चवळी सुटी मिळते तिथे दोन्ही शेजारी ठेवून बघून घ्या. किडकी चवळी काढून टाका, तिचं भोक हाताला लागतं. पिशवी जाड कापडाची, जुन्या चादरीचा तुकडा शिवला तरी चालेल, आतलं दिसायला नको. शिवाय एक नाणं, एक फासा, एक काळा मार्कर आणि मोठा ड्रॉइंग पेपर.

पहिला डाव नेहमीच्या नियमाचा. पिशवीत ३६ पांढरे आणि ४ लाल दाणे, म्हणजे २० डासांचे ४० जीन, त्यात लाल १० टक्के. पिशवी हलवा, न बघता एक दाणा काढा, रंग लिहा, परत टाका, परत हलवा, दुसरा काढा, लिहा, परत टाका. ही झाली एका पिल्लाची जोडी. दाणा परत टाकायला विसरू नका, नाहीतर पिशवी रिकामी होईपर्यंत काढत बसाल आणि शेवटी तेच ४ लाल निघणार, त्यात काही खेळच नाही. अशी २० पिल्लं झाली की कागदावरच्या नोंदीप्रमाणे नवीन पिशवी भरा. पाच-सहा पिढ्या करा. लाल कधी ३ होतील, कधी ६, कधी नशिबाने संपूनही जातील, पण ठरवून वाढणार नाहीत. हा डाव कंटाळवाणा वाटतो पण गाळू नका, पुढच्या डावाचा दणका याच्यामुळेच कळतो.

दुसरा डाव ड्राइव्हचा, यात लाल दाणा म्हणजे ड्राइव्हचा जीन, पांढरा म्हणजे साधा. सगळं तसंच, फक्त एक नियम वाढवा: जोडीत एक लाल एक पांढरा आला तर नवीन पिशवीत टाकताना पांढरा बाजूला ठेवायचा आणि दोन्ही लाल टाकायचे. बास. लालने पांढऱ्याची जागा कापली, पेशीने दुरुस्त करताना लालकडे बघून नक्कल केली, त्यामुळे आता दोन्हीकडे लाल. पोरांना समजवताना हे नक्की सांगा की हा बदल डासाच्या सगळ्या शरीरात नाही, फक्त अंडी किंवा शुक्राणू तयार होतात तिथे होतो, तिसऱ्या डावात याची गरज लागणार आहे.

गणित असं येतं की पांढऱ्याचा हिस्सा दर पिढीला स्वतःशीच गुणला जातो, कारण पांढरा टिकायला दोन्ही दाणे पांढरेच यावे लागतात. ०.९ चे ०.८१, मग ०.६६, मग ०.४३, ०.१९, ०.०३. म्हणजे ४० दाण्यांत लाल ४ वरून ८ च्या आसपास, मग १४, २३, ३३, आणि पाचव्या पिढीला ३८-३९. सुरुवातीला काही होत नाही असं वाटतं, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला पोरं ओरडायला लागतात, सर, लालच वाढायलंय की! त्याच वेळी ड्रॉइंग पेपरवर दोन्ही डावांचे आलेख एकावर एक काढायला लावा, एक सपाट वाकडातिकडा, दुसरा सरळ वर चढलेला. आलेख मार्करने पोरांनीच काढायचा, प्रिंट नको.

आता हे खरंच होतं का, तर होतं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी ॲनाफिलीस स्टीफन्सी डासात असा ड्राइव्ह घातला आणि पुढच्या पिढीत तो ९९ टक्क्यांच्या आसपास गेला, ५० नाही. हा स्टीफन्सी म्हणजे आपल्याच शहरांतला मलेरियाचा डास, गच्चीवरच्या टाकीत आणि विहिरीत वाढणारा. आणि त्या प्रयोगात डास मारायचा नव्हता, मलेरियाच्या जंतूला अडवणारे जीन त्याच्यात पसरवायचे होते. ड्राइव्ह म्हटलं की डास मरणार असं सगळे धरून चालतात, तसं नसतं, ड्राइव्ह हे फक्त वाहन आहे, त्यात काय बसवायचं ते वेगळं.

तिसरा डाव संख्या कमी करण्याचा आणि हा सगळ्यात भारी. परत ३६ पांढरे ४ लाल. प्रत्येक पिल्लासाठी नाणं उडवा, छापा म्हणजे मादी, काटा म्हणजे नर. जोडीत दोन्ही लाल आणि मादी असेल तर ती वांझ, कागदावर फुली मारा, तिचे दाणे नवीन पिशवीत जाणार नाहीत. दोन्ही लाल पण नर असेल तर तो एकदम ठणठणीत, त्याचे दोन्ही लाल जातात. एक लाल एक पांढरा असेल तर मादीही चांगली, कारण तिच्या शरीरात एक चांगली प्रत आहे, पण तिच्या अंड्यांत मात्र दोन्ही लालच, म्हणून दोन लाल टाका. पुढच्या पिढीत पिल्लं किती? चांगल्या माद्या गुणिले ४, पण २० च्या वर नाही. सुरुवातीला १०-१० माद्या असतात तेव्हा २० ची मर्यादा आरामात गाठली जाते आणि कुणाला काही बिघडलंय असं वाटतच नाही, लाल मात्र आतून वाढत असतात, आणि मग सहाव्या ते आठव्या पिढीच्या सुमारास एकदम फुल्याच फुल्या, माद्याच उरत नाहीत, संख्या २० वरून ८, मग ० अशी कोसळते. हा कोसळण्याचा क्षण बघायला गर्दी जमते, त्यामुळे पाहुणे यायच्या आधी चार पिढ्या उरकून ठेवा आणि पुढच्या त्यांच्यासमोर करा, दाणे त्यांनाच काढू द्या.

हा डाव २०१८ च्या खऱ्या प्रयोगावर बेतलेला आहे. इम्पीरियल कॉलेजमध्येच आंद्रेआ क्रिसांती यांच्या गटाने डबलसेक्स नावाच्या जीनमध्ये ड्राइव्ह बसवला. ज्या माद्यांना दोन्ही प्रती ड्राइव्हच्या मिळतात त्या अर्धवट नरासारख्या होतात, चावू शकत नाहीत, अंडी देऊ शकत नाहीत, नरांना काही होत नाही. ६०० डासांच्या पिंजऱ्यात ड्राइव्हचा हिस्सा सुरुवातीला १२.५ टक्के होता आणि ७ ते ११ पिढ्यांत पिंजरा रिकामा. आपल्या पिशवीतल्या १० टक्क्यांच्या किती जवळ आहे बघा, हे दोन्ही आकडे शेजारी लिहून लावा.

चौथा डाव प्रतिकाराचा, वेळ असेल तरच नाही, करायचाच. तिसऱ्या डावात लाल-पांढरी जोडी आली की फासा टाका. १ ते ५ आलं तर नेहमीसारखे दोन लाल. ६ आला तर पेशीने कापलेली जागा नक्कल न करता कशीतरी जोडली, त्या पांढऱ्या दाण्यावर मार्करने काळा ठिपका द्या आणि एक लाल, एक ठिपक्याचा असे टाका. ठिपक्याचा दाणा यापुढे कधीच कापला जात नाही, आणि जीन म्हणून तो चांगला चालतो असं धरा. लाल-लाल माद्या बाद होत जातात तसतसे ठिपकेवाले भराभर वाढतात आणि संख्या परत २० वर येते. कीटकनाशकाला डास सरावतात तसंच हे. आधीच्या ड्राइव्हमध्ये प्रयोगशाळेत हेच झालं होतं, म्हणून तर डबलसेक्स निवडला, त्या जागेत जराही बदल झाला की जीन चालतच नाही, त्यामुळे ठिपकेवाली मादीही वांझच. हे दाखवायचं तर लाल-लाल, लाल-ठिपका आणि ठिपका-ठिपका या तिन्ही जोड्यांच्या माद्यांना फुली मारून डाव परत खेळा.

लोक काय विचारतात आणि काय सांगायचं, याची तयारी पोरांकडून करून घ्या. मावशी विचारणार, मग आपल्याकडे का सोडत नाहीत? तर ड्राइव्ह असलेला किडा जगात कुठेही मोकळ्या हवेत आजपर्यंत सोडलेला नाही, सगळं पिंजऱ्यातच आहे. जालन्याजवळ दावलवाडीला २०१७ मध्ये जनुक बदललेल्या एडिस डासांची पिंजऱ्यातली चाचणी सुरू झाली होती, तो ड्राइव्ह नव्हता, त्यातला जीन पिल्लांना मारतो आणि स्वतःही संपतो, पसरत नाही. पुदुच्चेरीला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, केंद्राने वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले एडिस तयार केलेत, तेही ड्राइव्ह नाहीत पण स्वार्थीपणा तोच, वोल्बाकियावाला नर आणि बिनवोल्बाकियाची मादी अशी जोडी असली की अंडी फुटत नाहीत, त्यामुळे वोल्बाकियावाल्या माद्यांचंच वाढत जातं, आणि अशा डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात असे डास सोडल्यावर डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाले.

डास संपले तर पक्षी काय खातील? डासांच्या साडेतीन हजाराच्या आसपास जाती आहेत, ड्राइव्ह एका जातीपुरता असतो, आणि डेंग्यूचा एडिस इजिप्ती हा मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडे माणसाबरोबर आलेला. तरी शंका चुकीची नाही, तसं स्पष्ट सांगा, दुसऱ्या डावात एकदा ४ लाल टाकल्यावर कुणी थांबवू शकलं नाही हे सगळ्यांनी बघितलंय. जे बार्शीत सोडलं ते बार्शीत राहणार नाही, म्हणून विचारायचं तर आधी आणि सगळ्यांना विचारायला लागतं. दिल्लीत डब्ल्यूएचओ आणि आयसीएमआर यांचं डासांच्या अनुवंशिक नियंत्रणाचं मोठं काम चालू होतं, वर्तमानपत्रांत शंका आल्या, विषय संसदेच्या समितीपर्यंत गेला आणि १९७५ मध्ये ते बंद पडलं. शास्त्र कितीही पक्कं असलं तरी लोकांचा विश्वास नसेल तर काम पुढे जात नाही असं माझं ठाम मत आहे.

शेतकरी काका विचारणार, ज्वारीवरच्या माव्याला चालेल का? नाही. मावा बराचसा काळ नराशिवायच पिल्लं देतो, नर-मादीची जोडीच नाही तर लालने कुणाची जागा घ्यायची? उसावरच्या लोकरी माव्याचंही तेच. ड्राइव्ह फक्त जोडीने वाढणाऱ्या आणि पिढी पटकन बदलणाऱ्या किड्यांत चालतो.

टेबलावर एका बरणीत एडिसच्या अळ्या ठेवा, पाण्यात वळवळत खालीवर करणाऱ्या, बघायला लोक थांबतात. बरणीचं तोंड मलमलच्या कापडाने रबर लावून घट्ट बांधा आणि दोन दिवसांच्या वर ठेवू नका. शेजारी रिकाम्या पिंपाचा एक कापलेला तुकडा ठेवून आतल्या कडेला पाण्याच्या रेषेवर काळी बारीक अंडी कुठे चिकटतात ते बोटाने दाखवा, ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून कोरडा दिवस पाळताना नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतली कड घासायला लागते, नारळाच्या शेंडीने किंवा ताराच्या घासणीने, आणि मग पाणी आल्यावर भरून वर कापड बांधायचं. प्रदर्शन संपल्यावर बरणीतलं पाणी गटारात किंवा बेसिनमध्ये ओतू नका, उन्हात तापलेल्या कोरड्या मातीवर पसरून ओता, आणि बरणी आतून घासून मगच कपाटात ठेवा.