शांत टायर, तेही बजेटमध्ये
गाडी घोंगावते म्हणून लगेच टायर बदलू नका. आधी जुन्या टायरवरून हात फिरवा. रबर करवतीसारखं दातेरी झिजलं असेल तर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट जुळवणं) करून घ्या, नाहीतर नवेही तसेच ओरडतील. सिमेंटच्या रस्त्यावर कुठलाही टायर वाजतोच, तुलना डांबरावर करा.

दुकानदार रुंद टायर गळ्यात मारू पाहतो. गाडीच्या कंपनीने दिलेलीच साइज घ्या. मोठ्या ठोकळ्यांची नक्षी दिसते रुबाबदार, पण आवाज तिचाच जास्त. सवलतीत जुना साठा तर नाही ना? टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२२४ म्हणजे टायर २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. दोनच घेणार असाल तर नवे मागे बसवा, ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट सहजासहजी घसरत नाही.