खडे आणि स्टड जडवलेली पादत्राणे कशी निवडावीत, वापरावीत आणि जपावीत

पायात घातलेला दागिना प्रत्येक पावलाला हलतो, उजेडात येतो आणि पुन्हा सावलीत जातो. गळ्यातल्या हाराला हे भाग्य नसते. जडावकाम केलेल्या पादत्राणांची ओढ म्हणूनच फार जुनी आहे. हैदराबादचे निजाम सिकंदर जाह यांची सोन्याच्या तारेने भरलेली आणि रत्ने जडवलेली मोजडी आज टोरोंटोच्या बाटा शू म्युझियममध्ये आहे. 2006 च्या जानेवारीत ती चोरीला गेली आणि काही आठवड्यांत सुखरूप सापडली. 1953 साली राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या राज्याभिषेकासाठी फ्रेंच पादत्राण-रचनाकार रोजर व्हिव्हिए यांनी सोनेरी चामड्याचे जोडे घडवले, तेव्हा त्यांच्या टाचांवर लाल खडे जडवले होते. आणि 2010 मध्ये व्हॅलेंटिनो या इटालियन फॅशन घराण्याने पिरॅमिडच्या आकाराचे छोटे धातूचे स्टड पट्ट्यांवर ओळीने बसवलेले ‘रॉकस्टड’ बाजारात आणल्यापासून, एके काळी लंडनच्या पंक तरुणांच्या जाकिटांवर दिसणारा हा खिळा लग्नसमारंभातल्या सँडलवरही सहज दिसू लागला.

मला ही पादत्राणे मनापासून आवडतात, आणि नेमके त्याचमुळे ती एका मोसमात टक्कल पडल्यासारखी उघडी झालेली पाहवत नाहीत. जोड किती चमकतो यापेक्षा ती चमक कशाने धरून ठेवली आहे, हे आधी पाहावे. ते कसे पाहायचे, इथून सुरुवात करू.

पायरी 1 : नक्षी कशाने धरली आहे, ते तपासा

दुकानात जोड हातात घेतल्यावर तो उलटा करा, पट्टा वळवून त्याची आतली बाजू पाहा आणि अस्तरावरून बोट फिरवा. धातूचा स्टड चामड्यात दोन-तीन प्रकारे बसवतात. साध्या स्टडला मागे टोकदार पाय असतात. ते चामड्यातून आरपार घालून आतल्या बाजूला वाकवतात. रिव्हेट, म्हणजे मागचे टोक चपटे करून पक्की होणारी खीळ, ठोकून बसवतात, तर स्क्रूच्या स्टडला मागून आटे असलेला भाग घट्ट पिळलेला असतो. स्क्रूचा स्टड सैल झाला तर पुन्हा घट्ट करता येतो, म्हणून मी त्याला सर्वांत वरचे स्थान देते. वाकवलेल्या पायांचा स्टडही वाईट नाही, परंतु ते पाय अस्तराखाली पूर्ण झाकलेले असायला हवेत. बोटाला टोक लागले, तर अर्ध्या तासाच्या चालण्यात तेच टोक पायमोजा फाडेल आणि त्वचाही सोलेल.

खड्यांच्या बाबतीत शिवलेला खडा, धातूच्या कोंदणात पंजांनी पकडलेला खडा आणि नुसता चिकटवलेला खडा यांत मोठा फरक आहे. शिवलेल्या खड्याच्या कडेला छिद्रे दिसतात आणि त्यांतून दोरा गेलेला असतो. कोंदणातल्या खड्याच्या काठावर बारीक पंजे दिसतात. नखाने हलके ढकलले असता त्यांतला एकही खडा हलता कामा नये. चिकटवलेल्या खड्यांमध्ये एक जात गोंदाने लावलेली असते, तर दुसऱ्या जातीच्या पाठीवर मुळातच उष्णतेने वितळणारा थर असतो. ही दुसरी पद्धत कापडावर चांगली चालते. गुळगुळीत कृत्रिम चामड्यावर तिचा मला भरवसा वाटत नाही. खड्यांच्या कडेने गोंदाचा पारदर्शक ओघळ दिसत असेल, तर काम घाईत झाले आहे असे समजावे.

पंजाबी जुती आणि राजस्थानी मोजडी यांचे वेगळेपण इथे उठून दिसते. त्यांच्यावरचे जरीचे भरतकाम तळवा जोडण्याआधी वरच्या चामड्यावर किंवा कापडावर केलेले असते, दोरा आरपार गेलेला असतो आणि आतून अस्तर लावलेले असते. असे भरतकाम झिजते, पण एकदम गळून पडत नाही. कोल्हापुरीचा मूळचा साजही चामड्याची वेणी, गोंडा आणि जरीची पट्टी हाच आहे. आजकाल तिच्यावर खडे चिकटवून मिळतात. ते दिसतात सुंदर, पण कोल्हापुरीच्या चामड्याला तेल दिलेले असते आणि तेलकट पृष्ठभागावर गोंद नीट धरत नाही. कोल्हापुरी घ्यायचीच असेल तर वेणीची आणि जरीची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी 2 : पाय कुठे वाकतो, ते पाहा

चालताना टाच उचलली जाते आणि जोडा चवड्याशी वाकतो. तिथल्या चामड्याला हजारो वेळा घडी पडते. चामडे वाकते, खडा वाकत नाही, आणि मग दोघांमधला गोंद तुटतो. दुकानातच जोडा हातात धरून चवड्यापाशी हलका वाकवा. घडीच्या रेषेवर खडे एकमेकांवर घासत असतील किंवा त्यांच्या कडा उचलल्या जात असतील, तर तो जोड कितीही मोहक असला तरी ठेवून द्या. बोटांच्या टोकावर, टाचेवर, घोट्याच्या पट्ट्यावर किंवा बक्कलभोवती केलेले जडावकाम कितीतरी अधिक टिकते, कारण तिथे जोडा फारसा वाकत नाही. पुढच्या बाजूला एकच मोठे चौकोनी खड्यांचे बक्कल असलेली रचना इतकी वर्षे टिकून आहे, त्यामागे सौंदर्याइतकेच हे कारणही असावे असे मला वाटते.

दुसरी जागा म्हणजे जोड्याची आतली बाजू, अर्थात दुसऱ्या पायाकडची. अनेकींचे घोटे आणि टाचा चालताना एकमेकांना निसटत्या लागतात. तिथे टोकदार स्टड असतील तर एका पायाचा स्टड दुसऱ्या जोड्यावर ओरखडे काढतो. म्हणून बाहेरच्या बाजूला भरगच्च आणि आतल्या बाजूला मोकळी अशी नक्षी असलेला जोड निवडावा.

पायरी 3 : खडा कशाचा आहे, ते ओळखा

काचेचा खडा बोटाला गार लागतो, त्याचे पैलू धारदार असतात आणि तो वजनाला जड असतो. अॅक्रिलिकचा खडा हलका व कोमट लागतो आणि त्याच्या कडा किंचित गोलसर दिसतात. अॅक्रिलिक टाकाऊ नव्हे: हलकेपणामुळे त्याच्या गोंदावर ताण कमी येतो, मात्र त्यावर चरे लवकर पडतात. बहुतेक चपट्या खड्यांच्या पाठीला चंदेरी थर असतो आणि चमक त्याच थरावरून परतते. पाणी किंवा घाम तिथे शिरला की थर काळवंडतो आणि खडा जागच्या जागी आंधळा होतो. 1956 मध्ये फ्रेंच फॅशन-रचनाकार क्रिस्तियां दिओर यांच्यासोबत स्वारोव्स्की या काचेचे खडे बनवणाऱ्या ऑस्ट्रियन कंपनीने तयार केलेल्या ‘ऑरोरा बोरिअॅलिस’ प्रकारात खड्याच्या पृष्ठभागावर इंद्रधनुषी छटा देणारा लेप असतो. असे खडे खरखरीत कापडाने कधीही पुसू नयेत.

पायरी 4 : संध्याकाळी घालून पाहा

दिवसभराच्या वावरानंतर पाय थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी आणि दोन्ही पायांत जोड घालून गालिचा नसलेल्या फरशीवर चालून पाहावे. स्टड लावलेला पट्टा साध्या पट्ट्यापेक्षा ताठ असतो आणि वापराने फारसा सैल होत नाही. ‘नंतर सैल होईल’ हे आश्वासन इथे लागू पडत नाही. पारंपरिक जुतीत डावा-उजवा असा भेद नसतो आणि ती वापरता वापरता पायाचा आकार घेते, त्यामुळे तिला पहिले काही दिवस घरात थोडा थोडा वेळ घालून सरावू द्यावे.

पायरी 5 : कपड्याशी भांडण होणार नाही, असे पाहा

पैठणीचा काठ, शिफॉनची साडी आणि नेटचा घेर या तिन्हींना पंजाचे कोंदण आणि टोकदार स्टड धोकादायक असतात. साडीवर जडावाचे सँडल घालायचे असल्यास शिवलेले खडे, मोती किंवा गोलसर माथ्याचे स्टड निवडावेत आणि फॉल लावलेला काठ नक्षीच्या किंचित वर राहील, अशा बेताने साडी नेसावी. टोकदार पिरॅमिड स्टड जीन्स, ताठ सुती पँट किंवा गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टवर अधिक खुलतात, कारण तिथे ते पूर्ण दिसतात आणि कशात अडकत नाहीत.

पायरी 6 : घरी आल्यावर लगेच पुसा आणि नीट ठेवा

कोरड्या मऊ ब्रशने खड्यांमधली धूळ काढा आणि मग चश्म्याच्या मऊ कापडाने एकेक ओळ पुसा. डाग असेल तर कापडाचे टोक किंचित ओले करून तेवढाच भाग पुसावा व लगेच कोरडा करावा. नेलपॉलिश काढायचे द्रावण अॅक्रिलिकला विरघळवते, त्यामुळे ते जवळही आणू नये. कोल्हापुरीला तेल देताना खडे आणि जरी टाळून फक्त मोकळ्या चामड्याला द्यावे.

ठेवताना प्रत्येक पायाला वेगळी मलमलची पिशवी शिवून घ्या, कारण डबीतले बहुतेक ओरखडे जोडीनेच एकमेकांवर काढलेले असतात. टोकात साधा कोरा कागद भरावा. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवलेल्या चामड्याला बुरशी धरते, म्हणून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि कोरडे ऊन पडेल त्या दिवशी जोड सावलीत वाऱ्यावर ठेवावा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत हे जोड ठेवू नयेत. उष्णतेने गोंद मऊ होतो आणि खडे जागा सोडतात.

पायरी 7 : पडलेला खडा पुन्हा बसवा

खडा सापडला नसेल तर शेजारच्या खड्याचा व्यास मोजून घ्या. बाजारात खडे एसएस (स्टोन साइज) या मापाने मिळतात; एसएस 16 म्हणजे सुमारे 4 मिलिमीटर आणि एसएस 20 म्हणजे सुमारे 4.7 मिलिमीटर. जुना गोंद लाकडी टूथपिकने खरवडून जागा कोरडी करा. इथे बहुतेक जण झटपट चिकटणाऱ्या गोंदाकडे वळतात आणि तिथेच काम बिघडते: तो सुकल्यावर ठिसूळ होतो, वाकणाऱ्या चामड्यावर तडकतो आणि त्याच्या वाफेने खड्याभोवती पांढुरकी झाक येते. दागिन्यांसाठी मिळणारा, सुकल्यावरही लवचिक राहणारा गोंद वापरावा. त्याचा थेंब टूथपिकच्या टोकाने जागेवर ठेवा, खडा चिमट्याने बसवून हलका दाबा आणि जोड आडवा ठेवून किमान 24 तास हलवू नका.

सैल स्टड मात्र गोंदाने धरत नाही. अस्तराची शिवण थोडी उसवून, वाकलेले पाय चपट्या पकडीने सरळ करून, मागे चामड्याचा लहान तुकडा ठेवून ते पुन्हा वाकवावे लागतात, कारण मूळचे छिद्र तोवर मोठे झालेले असते. हे काम ओळखीच्या चप्पल कारागिराकडे द्यावे, आणि देताना अस्तर गोंदाने न चिकटवता पुन्हा शिवून द्यायला सांगावे, म्हणजे पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ते न फाटता उसवता येते.