अमेरिकेचे नागरिकत्व : शपथेच्या आधीची आणि नंतरची तयारी

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घ्यायला जेमतेम दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत भारतीय नागरिकत्व आपोआप संपते आणि इतकी वर्षे जपलेल्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करण्याचा हक्क जातो. ग्रीन कार्ड तर सभागृहात शिरतानाच जमा केलेले असते, आणि अमेरिकेचा पासपोर्ट हातात पडायला अजून काही आठवडे असतात. म्हणजे शपथ घेऊन घरी परतलेल्या माणसाजवळ त्या संध्याकाळी देशाबाहेर जाऊन परत येण्यासाठी एकही कागद नसतो. ज्यांचे आईवडील पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्यासाठी सगळ्या प्रक्रियेतला हाच काळ सर्वांत अवघड असतो. परीक्षेची धास्ती सगळे घेतात, पण या काही आठवड्यांचा विचार फार थोडे जण आधी करतात. म्हणून पुढची सगळी तयारी हा मधला काळ डोळ्यासमोर ठेवूनच सांगत आहे.

सुरुवात अर्थातच पात्रतेपासून होते. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झालेली असावी लागतात. अमेरिकी नागरिकाशी विवाह झालेला असेल आणि त्याच जोडीदारासोबत संसार चालू असेल, तर तीन वर्षे पुरतात. ही मुदत भरण्याच्या ९० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. त्या पाच वर्षांतले निदान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात आणि अर्जाच्या आधीचे तीन महिने जिथून अर्ज करायचा त्याच राज्यात किंवा स्थलांतर विभागाच्या जिल्ह्यात वास्तव्य असावे लागते. आपली माणसे अडकतात ती बहुधा सलग वास्तव्याच्या अटीत. आईच्या आजारपणात कोणी सात महिने गावी राहिलेले असते, आणि सहा महिन्यांपेक्षा लांबलेला प्रत्येक प्रवास वास्तव्यात खंड पडल्याची शंका निर्माण करतो. ती शंका दूर करणे आपल्याच हाती असते. त्या काळात अमेरिकेतली नोकरी, घराचे भाडे किंवा कर्जाचे हप्ते, मुलांची शाळा आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे चालू होती हे कागदांनी दाखवता येते. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बाहेर काढला असेल, तर मात्र मुदत नव्याने मोजावी लागते.

अर्जाचा नमुना एन-४०० हा आहे. एप्रिल २०२४ पासून तो ऑनलाइन भरल्यास ७१० डॉलर आणि कागदावर भरल्यास ७६० डॉलर शुल्क आहे. नमुना हाती घेण्यापूर्वी पासपोर्टमधले शिक्के, विमानाच्या तिकिटांचे ईमेल आणि घरातली जुनी दिनदर्शिका समोर ठेवून पाच वर्षांतल्या प्रत्येक परदेश प्रवासाची यादी करावी. मी ही यादी दोन रविवार बसून केली, तरीही टोरांटोला एका लग्नासाठी केलेला चार दिवसांचा प्रवास राहिलाच होता आणि तो मुलाखतीत सांगून दुरुस्त करून घ्यावा लागला. दुरुस्तीला कोणी हरकत घेत नाही. लपवलेल्या गोष्टीला घेतात. वाहतुकीचा दंड, एखादी जुनी अटक, थकलेला कर, हे सगळे विचारले जाते आणि ते खरे सांगणे हेच हिताचे असते. अठरा ते सव्वीस या वयात ग्रीन कार्डावर इथे राहिलेल्या मुलग्यांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे गरज पडल्यास लष्करात बोलावण्यासाठीच्या सरकारी यादीतली, नोंदणी केली आहे का, तेही आधीच तपासून ठेवावे.

नावाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या पद्धतीने नावे ठेवलेल्या माणसाची खरी कसोटी इथेच लागते. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव आहे. लग्नात नावच बदलले, त्यामुळे पासपोर्टवर वेगळे नाव, पतीचे नाव आणि सासरचे आडनाव आहे. कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याला या दोन पूर्णपणे वेगळ्या बायका वाटल्या तर त्यात त्याची चूक नाही. एन-४०० मध्ये आजवर वापरलेली सगळी नावे विचारली जातात; तिथे माहेरचे नाव न चुकता लिहावे आणि विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची प्रत, यांतले जे असेल ते हाताशी ठेवावे. भारतीय पासपोर्टमध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव स्वतःच्या नावाला जोडून एकाच रकान्यात छापलेले असते. ते इथे मधले नाव म्हणून जाणार की पहिल्या नावाचा भाग म्हणून, हे अर्ज करतानाच ठरवावे, कारण जे नाव नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर छापले जाईल तेच पुढे पासपोर्टवर आणि ओसीआयवर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना भारत सरकार देते त्या कार्डावर) जाते. अर्जातूनच नाव बदलून घेण्याची सोय आहे, पण तसे केल्यास शपथ न्यायालयातल्या समारंभात घ्यावी लागते आणि त्याची तारीख कधी कधी उशिरा मिळते. घरातल्या ज्येष्ठांच्या जन्मतारखेकडेही लक्ष द्यावे. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लिहून टाकलेल्या पिढीतली कितीतरी माणसे आज इथे आहेत. ग्रीन कार्डावर जी तारीख आहे तीच सगळीकडे ठेवावी, आणि नगरपालिकेच्या दाखल्यावर वेगळी तारीख असेल तर त्याचा खुलासा तयार असावा.

अर्ज पोचल्यावर बोटांच्या ठशांचे बोलावणे येते आणि त्यानंतर मुलाखतीचे. मुलाखतीत अधिकारी आधी खरे बोलण्याची शपथ देतो आणि मग अर्ज ओळीने विचारत जातो. इंग्रजी वाचण्यासाठी तीन संधी असतात आणि त्यांतले एक वाक्य नीट वाचले की पुरते; लिहिण्याचेही तसेच. नागरिकशास्त्राचे प्रश्न तोंडी असतात. २० ऑक्टोबर २०२५ पूर्वी अर्ज केलेल्यांना १०० प्रश्नांच्या यादीतले दहापर्यंत प्रश्न विचारतात आणि सहा बरोबर यावे लागतात. त्या तारखेपासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची आहे, वीसपर्यंत प्रश्न विचारले जातात आणि बारा बरोबर यावे लागतात. सिनेटचे १०० सदस्य, प्रतिनिधीगृहाचे मतदान करणारे ४३५ सदस्य, संविधानातल्या २७ दुरुस्त्या, ही उत्तरे कायमची आहेत. मात्र आपल्या राज्याचा गव्हर्नर, सिनेटर आणि प्रतिनिधीगृहाचा सभापती यांची नावे मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा पाहून घ्यावीत. एखादा भाग नापास झाला तर ६० ते ९० दिवसांत तेवढ्याच भागाची पुन्हा एक संधी मिळते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजीची भीती वाटत असेल, तर त्यांना हे नक्की सांगावे की ग्रीन कार्डावर वीस वर्षे झालेल्या पन्नाशीपुढच्या आणि पंधरा वर्षे झालेल्या पंचावन्नपुढच्या माणसाला इंग्रजीची परीक्षा माफ आहे. नागरिकशास्त्राची उत्तरे त्यांना दुभाष्याच्या मदतीने मराठीतून देता येतात. पासष्ट वर्षे वय आणि वीस वर्षे ग्रीन कार्ड असेल, तर फक्त वीस प्रश्नांची छोटी यादी पाठ करावी लागते. माझ्या सासूबाईंनी ती यादी वहीत मराठीत उतरवून घेतली होती आणि सकाळी पूजा झाली की त्या एक एक प्रश्न मोठ्याने म्हणत असत.

मुलाखत उत्तीर्ण झाली म्हणजे नागरिकत्व मिळाले, असे नव्हे. शपथ घेईपर्यंत माणूस ग्रीन कार्डधारकच असतो, आणि तोवर मतदार म्हणून नाव नोंदवणे किंवा मत देणे हा गंभीर गुन्हा ठरतो. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा प्रश्न सहज विचारला जातो, तेव्हा न वाचता होकार देऊ नये.

शपथविधीची सूचना एन-४४५ या नमुन्यावर येते. तारीख कळण्याआधीच घरी बसून एक गोष्ट ठरवावी: पुढच्या दोन-तीन महिन्यांत भारतात जावे लागण्याची शक्यता किती आहे? आईची शस्त्रक्रिया किंवा भावाच्या मुलीचे लग्न जवळ आले असेल, तर ते भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डावर आधी उरकून यावे आणि मग शपथ घ्यावी. ठरलेल्या दिवशी जाणे शक्यच नसेल, तर सूचनापत्र कारण लिहून परत पाठवता येते आणि दुसरी तारीख मिळते. पण न कळवता गैरहजर राहिल्यास, तेही एकाहून अधिक वेळा, अर्ज नाकारला जाऊ शकतो. एन-४४५ च्या मागच्या बाजूला मुलाखतीनंतर काय घडले याचे प्रश्न असतात, जसे की परदेश प्रवास, विवाह, घटस्फोट, अटक, दंड. त्यांची उत्तरे शपथविधीच्या दिवशीच भरावीत, कारण मधल्या काळात घडलेली प्रत्येक गोष्ट त्यात यायला हवी.

त्या दिवशी सूचनापत्र, ग्रीन कार्ड, असल्यास रीएंट्री परमिट (ग्रीन कार्डधारकाला लांबच्या मुक्कामानंतर परत येण्यासाठी मिळणारा परवाना) आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र बरोबर न्यावे. कपडे समारंभाला शोभतील असे असावेत. जीन्स, शॉर्ट्स आणि चपला नकोत, असे स्थलांतर विभागच सांगतो. माझ्या शपथविधीला मी इरकली नेसले होते आणि शेजारच्या खुर्चीवर घानाच्या एक आजी त्यांच्या पद्धतीच्या पोशाखात बसल्या होत्या. दारात ग्रीन कार्ड काढून देताना हात क्षणभर थबकला, कारण ज्या कार्डासाठी अकरा वर्षे वाट पाहिली होती ते अर्ध्या सेकंदात एका खोक्यात पडले.

शपथेचा मजकूर आदल्या रात्री शांतपणे वाचावा, अर्थासकट. पहिल्याच वाक्यात पूर्वीच्या देशावरची निष्ठा सर्वस्वी सोडल्याचे म्हणावे लागते, आणि ते शब्द सभागृहात पहिल्यांदा उच्चारताना अनेकांचा आवाज अडखळतो. पुढे संविधानाच्या रक्षणाचे, कायद्याने सांगितल्यास शस्त्र हाती घेण्याचे आणि राष्ट्रीय महत्त्वाचे काम करण्याचे वचन आहे. ज्यांची अहिंसेवर धार्मिक किंवा तितकीच खोल नैतिक श्रद्धा आहे, त्यांना शस्त्राचा भाग वगळून शपथ घेता येते. मात्र हे अर्जात आणि मुलाखतीत आधीच सांगावे लागते. ईश्वराचा उल्लेख टाळून गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याचीही मुभा आहे. हे शब्द उच्चारण्याचा हक्क भारतीयांना सहज मिळालेला नाही, हेही लक्षात असू द्यावे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले आणि १९४६ च्या कायद्यानंतरच ते दार उघडले.

शपथ झाल्यावर नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हाती येते. टाळ्या आणि छायाचित्रे चालू असली तरी जागेवरून उठण्याआधी त्यावरचे नाव, जन्मतारीख, मूळ देश आणि नागरिकत्वाची तारीख अक्षर न् अक्षर तपासावी. तिथेच चूक दाखवली तर ती लगेच दुरुस्त होण्याची शक्यता असते. घरी आल्यावर चूक लक्षात आली, तर दुरुस्त प्रमाणपत्रासाठी एन-५६५ चा अर्ज आणि अनेक महिन्यांची वाट पाहणे आले. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या प्रमाणपत्रावर जन्माचा महिना चुकला होता, तो त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीने वाचून दाखवला. प्रमाणपत्रावर सही करावी आणि ते लॅमिनेट मुळीच करू नये.

त्यानंतरचे पहिले काम पासपोर्टचे. डीएस-११ नमुना, छायाचित्र आणि प्रमाणपत्राची छायाप्रत आधीच तयार ठेवली, तर पोस्ट ऑफिसात त्याच आठवड्यात अर्ज करता येतो. पासपोर्टच्या पुस्तिकेचे १३० डॉलर, अर्ज स्वीकारण्याचे ३५ आणि घाई असल्यास आणखी ६० डॉलर लागतात. मूळ प्रमाणपत्र अर्जासोबत द्यावे लागते आणि ते वेगळ्या टपालाने परत येते, त्यामुळे त्याची स्कॅन केलेली प्रत घरी असावी. चौदा दिवसांच्या आत जावेच लागणार असेल, तर पासपोर्ट एजन्सीची तातडीची वेळ घेता येते. पण भारतात उतरण्यासाठी व्हिसा किंवा ओसीआय लागतेच, हे विसरू नये. अठरा वर्षांखालची ग्रीन कार्डधारक मुले नागरिक झालेल्या पालकासोबत, त्या पालकाच्या कायदेशीर ताब्यात राहत असतील, तर तीही आपोआप नागरिक होतात. त्यांना शपथ घ्यावी लागत नाही, पासपोर्टचा अर्ज मात्र वेगळा करावा लागतो. सोशल सिक्युरिटीतली नोंदही बदलून घ्यावी.

भारताच्या बाजूने पाहिले तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच आपले भारतीय नागरिकत्व संपते. त्यामुळे जुन्या पासपोर्टवर शेवटची एक फेरी करून येऊ, हा विचार चुकूनही करू नये. त्याला दंड आहे. अमेरिकेचा पासपोर्ट आल्यावर भारतीय पासपोर्ट सरेंडर करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्याच्या आधारे ओसीआयचा अर्ज करावा. दोन पासपोर्टांवरची नावे जुळत नसतील, तर विवाहाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, आणि माहेर-सासरच्या नावांचे जे कागद अर्जाच्या वेळी गोळा केले तेच इथे पुन्हा उपयोगी पडतात. रद्द झालेला पासपोर्ट परत मिळतो, तोही जपून ठेवावा.

ओसीआयवर राहता येते, नोकरी करता येते, घर घेता येते; मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली शेती मात्र घेता येते, त्यामुळे गावच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे आपले नाव लागू शकते. बँकेत आणि पॅनच्या नोंदीत नवे नागरिकत्व कळवावे. आणि गावच्या मतदार यादीत नाव अजून असेल, तर नमुना ७ भरून ते वगळून घ्यावे. सरेंडरचा लखोटा टपालात टाकून आल्यावर त्याच संध्याकाळी मी तो नमुना भरला.