भीती कोणाची, माहिती कोणाकडे: थरारपट करायला निघालेल्या मैत्रिणींसाठी

पहिला थरारपट करायला निघालेल्या मुली माझ्याशी बोलायला येतात, तेव्हा बहुतेकींचे प्रश्न कॅमेऱ्याचे आणि पैशाचे असतात. कुठल्या कॅमेऱ्यावर शूट करू, निर्माता कसा मिळवू, महोत्सवात कधी पाठवू. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी मी त्यांची गोष्ट ऐकते आणि एवढंच विचारते, की यातली भीती कोणाची आहे आणि काय चाललंय हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? याचं उत्तर पक्कं असेल तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. ते नसेल, तर नायिका बाई, लेखिका बाई, दिग्दर्शिकाही बाई, आणि तरी पडद्यावर तोच जुना चित्रपट उमटतो.

थरारपट माहितीच्या वाटपावर चालतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर पंधरा मिनिटांचा ताण मिळतो, न सांगता फोडला तर पंधरा सेकंदांचा धक्का, हे दिग्दर्शक हिचकॉकचं उदाहरण सगळीकडे शिकवलं जातं. ते उपयोगाचंच आहे. मात्र बाईभोवती रचलेल्या असंख्य थरारपटांत हे वाटप एकाच तऱ्हेनं होत आलं आहे. दाराआड कोण उभं आहे ते हल्लेखोराला ठाऊक, प्रेक्षकाला ठाऊक, फक्त तिलाच ठाऊक नाही. म्हणजे प्रेक्षक नकळत हल्लेखोराच्या शेजारी जाऊन बसतो आणि तिच्या बेसावधपणाची मजा घेतो. हे वाटप बदललं, की चित्रपटाचं राजकारण बदलतं. तिला कळलंय, पण कोणी विश्वास ठेवत नाही. तिला कळलंय, आणि तिला कळलंय हे त्याला अजून कळलेलं नाही. तिला अर्धंच कळलंय, आणि उरलेलं अर्धं जिला माहीत आहे ती बाई तोंड उघडत नाही. यातली तिसरी रचना मला सगळ्यात जास्त खुणावते, कारण त्या न बोलण्यामागे तिची स्वतःची भीती असते आणि तिला खलनायिका करून मोकळं होता येत नाही.

संहितेचा दुसरा खर्डा हातात आला, की मी कागदावर तीन रकाने आखते: नायिकेला काय माहीत, समोरच्याला काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत. प्रत्येक प्रसंगानंतर तिन्ही रकान्यांत काय बदललं ते लिहायचं. सलग दोन-तीन प्रसंगांत काहीच बदललं नसेल तर ताण तिथेच सैल पडतो. मग संवाद कितीही चुरचुरीत असोत, पार्श्वसंगीत कितीही चढवा, उपयोग होत नाही. ही सवय लावून घ्या. पटकथेच्या पुस्तकांतल्या आराखड्यांपेक्षा मला तिचा जास्त आधार वाटत आला आहे.

खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवलंच पाहिजे, अशी नवख्या लेखिकांची समजूत असते. डच दिग्दर्शिका मार्लीन गोरिस यांचा १९८२चा पहिलाच चित्रपट, 'अ क्वेश्चन ऑफ सायलेन्स', यासाठी जरूर पाहा. एकमेकींना न ओळखणाऱ्या तीन बायका एका दुकानदाराला ठार मारतात. कोणी मारलं यात रहस्य असं काही नाहीच. त्यांची तपासणी करायला नेमलेल्या स्त्री मानसोपचारतज्ज्ञाला 'का मारलं' याचा माग काढायचा आहे, आणि तो काढता काढता तिचं स्वतःचं आयुष्य तिला वेगळं दिसू लागतं. 'कोण' ऐवजी 'का' विचारलं तर थरार कमी होईल अशी भीती कोणी घातली, तर मी हेच उदाहरण देते.

आता हिंसेबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त वाद होतात आणि इथेच तुमच्यावर सगळ्यात जास्त दबाव येईल. एका निर्मात्यानं माझी संहिता वाचून सुचवलं होतं, की हल्ल्याचा प्रसंग थोडा लांबवा, लोक त्यासाठीच येतात. मी नाही म्हटलं आणि ते पैसे गेले, प्रकल्प बराच काळ अडून राहिला. पण त्या बैठकीत मी दिलेलं उत्तर अजूनही मला पटतं, म्हणून इथे लिहिते. नैतिकतेची भाषा अशा खोलीत फार वेळ टिकत नाही, कलेची भाषा टिकते. जे घडेल अशी भीती होती ते घडायला लागलं, की ताण संपतो. हल्ला लांबवणं म्हणजे थरारपटाच्या मध्यावर थरार थांबवून दुसरंच काहीतरी दाखवणं. शिवाय असा प्रसंग कितीही चांगल्या हेतूनं चित्रित केला, तरी त्यातून कोणीतरी सुख घेतं. कॅमेरा कुठे ठेवला यावर ते अवलंबून असतं.

दिग्दर्शिका आयडा लुपिनो यांनी १९५० साली 'आउटरेज' हा बलात्कारावरचा चित्रपट केला, तेव्हा प्रॉडक्शन कोडमुळे, म्हणजे पडद्यावर काय चालेल याच्या हॉलिवुडच्या नियमावलीमुळे, बलात्कार हा शब्दही चित्रपटात उच्चारता येत नव्हता. त्यांनी काय केलं? रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यांवरून पाठलाग लांबवला आणि हल्ल्याच्या क्षणी कॅमेरा वर नेला. वर एका खिडकीशी माणूस येतो आणि खिडकी लावून घेतो. बस. हल्ला दिसत नाही, पण शेजारपाजारचं जग कसं कान बंद करून घेतं ते दिसतं. चित्रपटाचा उरलेला मोठा भाग त्यानंतरच्या तिच्या आयुष्याचा आहे. सेन्सॉरच्या बंधनातून निघालेली ही युक्ती आज तसलं बंधन नसताना मला जास्त शहाणी वाटते.

शॉट डिव्हिजन करताना, म्हणजे प्रसंग कुठकुठल्या शॉटमध्ये घ्यायचा ते ठरवताना, म्हणूनच एक गोष्ट तपासा. झुडपाआडून, जिन्याच्या कठड्यातून, अर्धवट उघड्या दारातून तिच्याकडे बघणारा हलता कॅमेरा या प्रकारात इतका मुरला आहे, की छायाचित्रणकार तो सवयीनं सुचवतो. तो शॉट घ्यायचाच नाही असं माझं म्हणणं नाही. पण ही नजर कोणाची, आणि ती मी प्रेक्षकाला का उसनी देते आहे, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५च्या त्यांच्या निबंधात पुरुषी नजरेबद्दल, म्हणजे पडद्यावरची बाई पुरुषानं बघण्यासाठी मांडली जाते याबद्दल, जे मांडलं, ते सेटवर उतरतं ते असंच: लेन्स, कॅमेऱ्याची उंची, आणि कट नेमका कोणाच्या चेहऱ्यावर होतो.

आणि कोणी म्हणालं की हा प्रकार बायकांचा नाही, तर त्यांना सांगा, की १९१३ साली लोइस वेबर यांनी फिलिप्स स्मॉली यांच्यासोबत 'सस्पेन्स' हा जेमतेम दहा मिनिटांचा मूकपट दिग्दर्शित केला. तान्ह्या बाळासह घरात एकटी असलेली बाई, घरात घुसणारा माणूस, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला नवरा. हे तिघं त्यांनी पडद्याचे त्रिकोणी तुकडे पाडून एकाच वेळी दाखवले. वेबर त्यात स्वतः नायिकेच्या भूमिकेत आहेत. आपण या घरात पाहुण्या नाही.

आता पैसा. थरारपट कमी पैशांत होऊ शकतो, आणि एकटीनं उभं राहू पाहणाऱ्या दिग्दर्शिकेसाठी ही या प्रकाराची मोठी देणगी आहे. एक जागा, चार-पाच पात्रं, थोडासा काळ. किटी ग्रीन यांचा 'द असिस्टंट' (२०१९) एका दिवसात घडतो, बराचसा एका ऑफिसात. ज्याच्या गैरवर्तनाभोवती सगळं फिरतं तो मालक पडद्यावर दिसतच नाही, त्याचा नुसता आवाज फोनवर येतो. जमिनीवर सापडलेलं एक कानातलं, फोटोकॉपीचं यंत्र, आणि तक्रार करायला गेलेल्या मुलीशी मनुष्यबळ विभागातल्या माणसाचं ते थंड, समजूतदार बोलणं. माझ्या मते अलीकडच्या थरारपटांतला तो अत्यंत भीतिदायक प्रसंग आहे, आणि त्यात दोन माणसं टेबलाशी बसून बोलतात, एवढंच घडतं.

जागा ठरवायला जाल तेव्हा ध्वनिमुद्रकाला सोबत न्या. दिसायला सुंदर असलेली जागा ऐकायला निरुपयोगी निघू शकते. आपल्या प्रकारात अर्धा चित्रपट कानानं पाहिला जातो. पाऊल वाजतं, मग वाजत नाही, आणि प्रेक्षक श्वास रोखतो. प्रत्येक लोकेशनवर निदान अर्धा-एक मिनिट रूम टोन, म्हणजे त्या जागेच्या शांततेचा आवाज, मुद्रित करून घ्या, सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करून. शॉटच्या वेळी फ्रिज बंद करावा लागतो. तो पुन्हा सुरू करायचा राहू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवायची ही जुनी युक्ती आहे, आणि ती खरंच कामी येते. बजेट आवळायची वेळ आली तर लेन्सच्या भाड्यावर आवळा, ध्वनीवर नको. पोस्ट-प्रॉडक्शनचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, आणि एकूण रकमेच्या दहा टक्क्यांच्या आसपास आकस्मिक खर्चासाठी. चित्रीकरण संपलं आणि संकलनाला पैसे उरले नाहीत, अशा अवस्थेत पडून राहिलेले चित्रपट मी पाहिले आहेत.

पैसे कुठून येतात याचं एक ठरलेलं उत्तर नाही. अनुदानं, खासगी गुंतवणूकदार, लोकवर्गणी, काही जणांचं मानधन नंतर देण्याचा करार, असं सगळं मिळून ते जमतं. जेनिफर केंट यांनी २००५ मध्ये 'मॉन्स्टर' हा दहा मिनिटांचा लघुपट केला, त्याच कल्पनेतून 'द बाबाडूक' हा पूर्ण लांबीचा चित्रपट २०१४ मध्ये आला. मुख्य निधी मिळाल्यावरही सेटच्या कामासाठी त्यांनी लोकवर्गणीतून सुमारे तीस हजार डॉलर उभे केले. लघुपट आणि चित्रपट यांच्यातलं ते अंतर पाहून धीर सोडू नका. तुमचा लघुपटही मोठ्या चित्रपटाची जाहिरात म्हणून करू नका. दहा-बारा मिनिटांत त्याची स्वतःची गोष्ट पुरी झाली पाहिजे.

करारावर सही करताना तीन गोष्टी वकिलाकडून बघून घ्या: अंतिम कटचा, म्हणजे चित्रपटाचं शेवटचं संकलन ठरवण्याचा, अधिकार कोणाकडे, कथेपासून संगीतापर्यंतच्या हक्कांची कागदपत्रं सलग आणि पूर्ण आहेत का, आणि संगीताचा परवाना फक्त महोत्सवांपुरता आहे की सगळ्या माध्यमांसाठी. स्वतंत्र असण्याचा अर्थ माझ्यासाठी पहिल्या मुद्द्यात आहे. पैसे कमी असणं म्हणजे स्वतंत्र असणं नव्हे.

सेट कसा चालवता ही गोष्ट चित्रपटाइतकीच तुमची आहे. पडद्यावर बाईच्या भीतीबद्दल बोलायचं आणि सेटवर नव्या अभिनेत्रीला घाबरवून 'खरी' प्रतिक्रिया काढायची, हे मला अक्षम्य वाटतं. जवळिकीच्या प्रसंगांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे ते प्रसंग कलाकारांच्या संमतीनं बसवून देणारी व्यक्ती, ठेवा. अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेनं, सॅग-आफ्ट्रानं, २०२० मध्ये या कामाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, ती वाचायला मोफत आहेत. त्यांचं सार साधं आहे: काय दिसणार, कुठे स्पर्श होणार, हे आधी लेखी ठरवायचं, क्लोज्ड सेट ठेवायचा, म्हणजे गरजेपुरतीच माणसं आत, आणि संमती ऐनवेळीही मागे घेता येते हे सगळ्यांनी मान्य करायचं. मारामारीचा प्रसंग स्टंट कोऑर्डिनेटरशिवाय करू नका, साधी ढकलाढकली असली तरी. नृत्याप्रमाणे पावलं बसवली, की अभिनेत्री जास्त मोकळी होते आणि भीती जास्त खरी दिसते.

हल्ल्याचा प्रसंग शेड्युलमध्ये पहिल्या दिवशी नको, कारण विश्वास जमलेला नसतो. शेवटच्या रात्रीही नको, कारण सगळे थकलेले असतात. मधल्या एखाद्या दिवशी, सकाळी ठेवा, आणि त्यानंतर त्या अभिनेत्रीकडे हलका प्रसंग किंवा सुट्टी असू द्या. शेड्युल सांभाळणारी फर्स्ट असिस्टंट डिरेक्टर हे पाळणारी हवी. रात्रीच्या शूटनंतर प्रत्येकीला घरी सोडायची गाडी बजेटमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून लिहा. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव कॉल शीटवर, म्हणजे सगळ्यांना मिळणाऱ्या रोजच्या वेळापत्रकावर, छापा, आणि ती व्यक्ती निर्मात्याच्या किंवा तुमच्या हाताखालची नसावी.

संकलनाच्या टेबलावर ते तीन रकाने पुन्हा बाहेर काढा. चाचणी खेळाला चित्रपटाशी संबंध नसलेली मोजकी माणसं बोलवा. आवडला का, असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. तुला कधी कळलं, आणि तोपर्यंत कोणावर संशय होता, हे विचारा. बायकांना आणि पुरुषांना एकच गोष्ट वेगवेगळ्या क्षणी कळते असं मला अनेकदा दिसलं आहे. बायका धोका आधी ओळखतात. म्हणून फक्त पुरुषांच्या सांगण्यावरून खुलासे वाढवू नका. 'ती लगेच पोलिसांकडे का गेली नाही' हा प्रश्न हमखास येईल. त्याचं उत्तर संवादात भरण्यापेक्षा, पूर्वी तिचं म्हणणं कोणी कसं झटकलं होतं ते एका छोट्या प्रसंगात आधीच दाखवलेलं बरं.

महोत्सवांसाठी एवढं पुरे: पहिलं प्रदर्शन एकदाच होतं, तेव्हा ते घाईनं कुठेही देऊन टाकू नका. कॅटलोनियातलं सित्जेस, मॉन्ट्रियलचं फँटेजिया, ऑस्टिनचं फँटास्टिक फेस्ट हे आपल्या प्रकाराचे महोत्सव आहेत आणि तिथला प्रेक्षक थरारपट नीट वाचतो. फँटेजियासोबत फ्रॉन्टिएर हा सहनिर्मितीचा बाजारही भरतो. डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत), संवादांची पूर्ण यादी, संवाद वगळून संगीत आणि ध्वनींचा वेगळा ट्रॅक, आणि सेटवरचे चांगले स्टिल फोटो आधीच तयार ठेवा. स्टिल फोटोग्राफर बहुतेक जणी विसरतात, आणि मग पोस्टरला फ्रेममधून काढलेलं धूसर चित्र वापरावं लागतं.

महोत्सवात तुमचा चित्रपट आवडलेला माणूस पाच मिनिटांत विचारतो, पुढे काय करताय? तेव्हा बॅगेत पुढच्या गोष्टीची दोन पानं असू द्या. गोष्ट, ती कोणाच्या नजरेतून, अंदाजे किती पैशांत, आणि तुम्हीच ती का करायची, एवढं त्या दोन पानांत मावतं.