अनुभवी, मेहनती रोल प्लेअरशी पुन्हा करार करावा की नाही, हे कसे ठरवावे

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, हंगाम जूनमध्ये संपला की जवळजवळ प्रत्येक संघाच्या चाहत्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो. पस्तिशीच्या आसपासचा, संघासाठी जीव तोडून खेळलेला, पण स्टार म्हणून कधीच न मिरवलेला एखादा खेळाडू (म्हणजेच रोल प्लेअर) करारमुक्त होतो आणि त्याला ठेवायचे की जाऊ द्यायचे, यावर दोन तट पडतात. एका बाजूला त्याने केलेल्या कष्टांची आठवण असते, दुसऱ्या बाजूला त्याच्या जन्मतारखेचा आकडा असतो, आणि बहुतेक वेळा चर्चा त्यापुढे सरकतच नाही. माझे मत स्पष्ट आहे. मागच्या हंगामातल्या घामाचा मोबदला मागच्या करारातच दिलेला असतो, आणि नवा करार म्हणजे येत्या हंगामातल्या मिनिटांची खरेदी असते. ती मिनिटे कोणती, कोणाविरुद्धची आणि त्या मिनिटांना दुसरा पर्याय कोण, हे शोधण्याची रीत पुढे सांगितली आहे.

यासाठी पी. जे. टकरचे उदाहरण सर्वांत उपयोगी पडते, कारण त्याच्या बाबतीत एका वर्षाच्या अंतराने दोन वेगवेगळ्या संघांनी अगदी उलट निर्णय घेतले. 2006 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पस्तिसाव्या क्रमांकावर निवड झालेला टकर एका हंगामात एनबीएबाहेर फेकला गेला, काही वर्षे इस्रायल, ग्रीस, इटली, जर्मनी अशा देशांत खेळला आणि 2012 मध्ये फिनिक्स संघातून परतला. मार्च 2021 मध्ये ह्यूस्टनने त्याला अदलाबदलीत मिलवॉकीकडे धाडले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मिलवॉकीने 1971 नंतरचे पहिले अजिंक्यपद मिळवले. ब्रुकलिनविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत त्या संघाचा स्टार केव्हिन ड्युरंट याला अंगाला अंग भिडवून अडवण्याचे काम मुख्यतः टकरने केले. ड्युरंटने सातव्या सामन्यात 48 गुण केले हे खरे, परंतु प्रत्येक गुणासाठी त्याला झगडावे लागले आणि तो सामना मिलवॉकीने जादा वेळेत जिंकला.

त्यानंतर काही आठवड्यांतच छत्तीस वर्षांचा टकर दोन वर्षांच्या, सुमारे दीड कोटी डॉलरच्या करारावर मायामीला गेला. मिलवॉकीला त्याला थांबवण्याची नियमांनी पूर्ण मुभा होती, पण संघ आधीच लक्झरी टॅक्सच्या (पगारखर्च ठराविक रेषेपलीकडे गेला की भरावा लागणाऱ्या कराच्या) रेषेपलीकडे असल्यामुळे त्याला दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे करापोटी आणखी कितीतरी डॉलर मोजावे लागले असते. पुढच्या हंगामात टकरने मायामीसाठी थ्री-पॉइंटर (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) 41 टक्क्यांहून अधिक अचूकतेने मारले, मायामी 53 विजयांसह पूर्व विभागात अव्वल ठरला आणि मिलवॉकी दुसऱ्या फेरीत बॉस्टनकडून सात सामन्यांत हरला. त्या पराभवात मिलवॉकीचा स्टार क्रिस मिडलटन याच्या दुखापतीचा वाटा मोठा होता, त्यामुळे सगळे खापर टकरच्या जाण्यावर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही त्याच्या जागी तेवढ्याच तोलाचा बचावपटू मिलवॉकीला मिळाला नव्हता, हे नाकारता येत नाही.

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू. सर्वप्रथम त्या खेळाडूचे काम एका वाक्यात लिहून काढावे, आणि त्या वाक्यात ‘मेहनती’, ‘लढाऊ’, ‘अनुभवी’ यांपैकी एकही विशेषण येऊ देऊ नये. ‘प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धिप्पाड फॉरवर्डला वीस मिनिटे अडवणे आणि आक्रमणात कॉर्नरमध्ये उभे राहून मोकळा चेंडू मिळाला की थ्री मारणे’ हे काम झाले. ‘राखीव सेंटर म्हणून स्क्रीन लावणे (सहकाऱ्याच्या बचावपटूची वाट अंगाने अडवणे) आणि आक्रमक रिबाउंड पकडणे (आपल्या संघाचा चुकलेला शॉट परत मिळवणे)’ हेही काम झाले. असे वाक्य लिहिताच येत नसेल, तर त्या खेळाडूचे महत्त्व पुष्कळदा आपल्या आठवणींत असते, संघाच्या गरजेत नसते.

काम ठरले की ते मोजावे. सरासरी गुण पाहून रोल प्लेअरची पारख होत नाही. एनबीए 2016 पासून डिफ्लेक्शन (हात लावून वळवलेला चेंडू), अंगावर घेतलेले चार्ज (धावत्या आक्रमकाची धडक), ताब्यात घेतलेले लूज बॉल (कोणाच्याच हातात नसलेला चेंडू) आणि स्क्रीनमुळे सहकाऱ्याला मिळालेले बास्केट यांची अधिकृत नोंद ठेवते. हे आकडे एका हंगामाचे न बघता तीन हंगामांचे शेजारी-शेजारी मांडावेत आणि प्रत्येक आकडा मिनिटांच्या प्रमाणात बघावा. मेहनत करणाऱ्या खेळाडूचे वय आधी या नोंदींत दिसते, कारण हात पूर्वीइतकाच हुशार असला तरी पाय अर्धे पाऊल उशिरा पोहोचू लागतात. तो मैदानावर असताना आणि नसताना संघाच्या गुणफरकात पडणारे अंतरही पाहावे. मात्र तो कायम सर्वोत्तम सहकाऱ्यांबरोबर खेळत असेल तर ते अंतर त्याच्या पदरात टाकण्याआधी दहादा विचार करावा.

आकड्यांपेक्षा जास्त वेळ चित्रफितींना द्यावा, आणि त्यातही चेंडूकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघावे. कॉर्नरमधल्या शूटरकडे धावत जाताना शेवटच्या दोन-तीन पावलांत तो वेग आवरून, गुडघे वाकवून थांबतो का, की तोल जाऊन शूटरच्या बाजूने पुढे निघून जातो, हे प्रत्येक वेळी थांबवून पाहण्यासारखे असते. पहिल्या क्वार्टरमध्ये नीट थांबणारा खेळाडू चौथ्या क्वार्टरमध्ये निसटू लागला, तर त्याच्या शरीरात किती मिनिटे शिल्लक आहेत ते तिथेच कळते. स्वतःचा शॉट चुकल्यावर परतीच्या धावेत तो मैदानाची मधली रेषा कितव्या क्रमांकाने ओलांडतो, हेही बघावे. जानेवारीतल्या सलग दोन रात्रींच्या सामन्यांपैकी दुसऱ्या रात्रीचा सामना यासाठी मुद्दाम निवडावा. प्रेक्षक सुस्त, प्रवासाने सगळे थकलेले, अशा रात्री जो अंग झोकून देतो त्याची मेहनत खरी समजावी.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच चाहते वगळतात: प्ले-ऑफमध्ये (साखळी फेरीनंतरच्या बाद फेरीत) प्रतिस्पर्धी त्याच्याशी कसे वागतात ते तपासणे. बचावात याचे उत्तर पटकन मिळते. समोरचा संघ ज्याला तो अडवतो आहे त्यालाच पुन्हा पुन्हा स्क्रीन लावायला बोलावत असेल, म्हणजे स्विच होऊन (बचावपटूंनी आपापले प्रतिस्पर्धी बदलून) त्यांच्या स्टारसमोर हा यावा अशी त्यांची इच्छा असेल, तर त्यांनी त्याचे पाय आपल्याआधी मोजले आहेत. आक्रमणातले उत्तर अधिक लपलेले असते, आणि इथे टकरची पुढची कथा उपयोगी पडते. 2022 च्या उन्हाळ्यात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाने त्याला तीन वर्षांचा, सुमारे 3 कोटी 30 लाख डॉलरचा करार दिला. पहिल्या हंगामात तो 75 सामने खेळला, त्याची थ्रीची टक्केवारी चाळिशीच्या जवळ राहिली, पण सामन्यागणिक सरासरी साडेतीन गुणच झाले, कारण तो शॉट घेतच नव्हता. 2023 च्या दुसऱ्या फेरीत बॉस्टनने सहाव्या सामन्यापासून रॉबर्ट विल्यम्सला पहिल्या पाचांत आणले, त्या उंच सेंटरला टकरवर नेमले आणि टकरला कॉर्नरमध्ये खुशाल मोकळे सोडून विल्यम्सला बास्केटपाशी उभे केले. फिलाडेल्फियाचा सेंटर जोएल एम्बीड याच्यासाठी रिंगजवळची जागाच उरली नाही आणि 3-2 ने पुढे असलेला फिलाडेल्फिया मालिका हरला. म्हणून टक्केवारीबरोबर प्रयत्नांची संख्या पाहावी, आणि त्या दोहोंबरोबर त्याचा बचावपटू त्याच्यापासून किती दूर उभा राहतो ते पाहावे. बचावपटू कुठे उभा आहे, यात प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाचे प्रामाणिक मत दिसते.

खेळाची पारख झाल्यावरच पैशाकडे यावे, कारण नियमांची गुंतागुंत आधी हाती घेतली की खेळाडूच नजरेआड होतो. इथे पहिला प्रश्न त्याच्या ‘बर्ड हक्कां’चा असतो. या हक्कांमुळे, करारमुक्त होऊन संघ न बदलता सलग तीन हंगाम झालेल्या आपल्या खेळाडूला संघ सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) ओलांडूनही कमाल पगारापर्यंत हवी ती रक्कम देऊ शकतो. दोन हंगाम झाले असतील तर मर्यादा येते, आणि एकच झाला असेल तर साधारणपणे आधीच्या पगाराच्या 120 टक्क्यांपर्यंतच जाता येते. अदलाबदलीत हे हक्क खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातात, आणि म्हणूनच जेमतेम चार महिने खेळलेल्या टकरला मिलवॉकी हवे तेवढे देऊ शकत होती.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2023 च्या सामूहिक करारानंतर या हक्कांचे मोल वाढले आहे. 2025-26 च्या हंगामात सॅलरी कॅप सुमारे 15 कोटी 46 लाख डॉलर आहे आणि ‘दुसरा एप्रन’ म्हणवली जाणारी पगारखर्चाची वरची रेषा सुमारे 20 कोटी 78 लाखांवर आहे. या रेषेपलीकडचा संघ बाहेरून येणाऱ्या फ्री एजंटला (करारमुक्त खेळाडूला) किमान पगाराखेरीज काहीच देऊ शकत नाही आणि अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडून मोठा पगार आणू शकत नाही. अशा संघाने आपला 80 लाखांचा रोल प्लेअर सोडला तर ते 80 लाख दुसऱ्या कोणावर खर्च करता येत नाहीत, ते नुसते वाचतात. त्यामुळे अशा वेळी ‘याच पैशात याहून चांगला कोण मिळेल’ हा प्रश्न चुकीचा ठरतो, आणि ‘किमान पगारावर कोण मिळेल’ हा बरोबर ठरतो. त्या यादीतली नावे प्रत्यक्ष लिहून पाहिली की पुष्कळ वेळा आपला माणूस थोडा महाग घेणेच परवडते. कॅपखाली भरपूर जागा असलेल्या, घडणीच्या काळातल्या संघाला मात्र हे लागू होत नाही. त्याने ती मिनिटे विशीतल्या खेळाडूला द्यावीत. पंधरा जागांच्या संघात प्रत्येक जागेची किंमत असतेच.

रकमेपेक्षा मुदत अधिक जपून ठरवावी. पस्तिशीनंतरच्या खेळाडूशी एक वर्षाचा करार करावा; स्पर्धा असेल तर दुसरे वर्ष द्यावे, पण ते अंशतः हमीचे किंवा संघाच्या मर्जीवरचे असावे; तिसरे पूर्ण हमीचे वर्ष मी कोणालाच देणार नाही. टकरच्या फिलाडेल्फियातल्या कराराचे दुसरे वर्ष सुरू झाले न झाले तोच तो सहकारी जेम्स हार्डनच्या अदलाबदलीत क्लिपर्सकडे गेला आणि तिथे त्या हंगामात फक्त 28 सामने खेळला. अर्थात, त्या सौद्यात पगारांची जुळणी करायला त्याचाच करार कामी आला, ही मध्यम रकमेच्या कराराची एक जमेची बाजू मानायला हवी. पुढे-मागे अदलाबदल करायची असेल तर दोन नियम ध्यानात ठेवावेत. पुन्हा करारबद्ध केलेल्या खेळाडूला किमान 15 डिसेंबरपर्यंत दुसरीकडे धाडता येत नाही. आणि एक वर्षाच्या करारानंतर ज्याला संपूर्ण किंवा मधल्या दर्जाचे बर्ड हक्क मिळणार असतात, त्याने तो अधिकार सही करतानाच सोडला नसेल, तर त्याच्या संमतीवाचून अदलाबदल होत नाही.

राहिला प्रश्न ड्रेसिंग रूमचा. अनुभवी खेळाडू तरुणांना शिकवतो, हे वाक्य इतके सहज बोलले जाते की ते तपासले जात नाही. ते खरे असते तेव्हा त्याची किंमत वेगळ्या खात्यात मांडावी आणि ती किमान पगाराच्या पलीकडे जाऊ देऊ नये. मायामीच्या युडोनिस हॅस्लेमचा दाखला इथे अचूक बसतो. ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला, मायामी शहरातच जन्मलेला हा फॉरवर्ड 2003 ते 2023 असे वीस हंगाम एकाच संघात राहिला आणि 2006, 2012, 2013 ची तिन्ही अजिंक्यपदे त्याने अनुभवली. 2010 मध्ये, लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश हे स्टार मायामीत आले तेव्हा, इतरत्र मिळणारे जास्त पैसे सोडून तो पाच वर्षांच्या, सुमारे दोन कोटी डॉलरच्या करारावर थांबला. तो करार खेळासाठी होता. शेवटच्या वर्षांतले करार एकेका वर्षाचे आणि किमान पगाराचे होते, अखेरच्या हंगामात तो साखळी फेरीचे केवळ सात सामने खेळला, आणि संघाला व त्यालाही आपण कशासाठी सही करतो आहोत हे पक्के ठाऊक होते. दहा वर्षांहून जुन्या खेळाडूचा एक वर्षाचा किमान पगार 2025-26 मध्ये सुमारे 36 लाख डॉलर असला, तरी संघाच्या हिशेबात त्यातले सुमारे 23 लाखच धरले जातात आणि उरलेले लीग भरते. नियमांनीच अशा खेळाडूसाठी दार उघडे ठेवले आहे, ते वापरावे.

निर्णय झाला की तो खेळाडूला लवकर आणि स्पष्ट सांगावा. आता अंतिम मालिका संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून संघ आपल्या फ्री एजंटशी बोलू शकतात, त्यामुळे 30 जूनच्या संध्याकाळपर्यंत त्याला ताटकळत ठेवण्याला काही कारण उरत नाही. ठेवायचे असेल तर सहीच्या आधी प्रशिक्षकाने समोर बसून त्याला सांगावे की साधारण किती मिनिटे मिळतील, कोणत्या तरुणाला त्याच्या पुढे खेळवले जाईल आणि एप्रिलमध्ये त्याची गरज कुठे पडेल. ठेवायचे नसेल तर त्याच आठवड्यात तसे कळवावे, म्हणजे इतर संघांनी फ्री एजंटसाठी राखलेल्या मध्यम रकमा संपण्याआधी त्याचा एजंट फोन करायला मोकळा होतो.