पॅनल पीसीचा पडदा अडखळतोय? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी या चुका टाळा

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या मासळी प्रक्रिया कारखान्यापासून वेंगुर्ल्याच्या काजू युनिटपर्यंत मशिनशेजारी टचस्क्रीनचा ऑल-इन-वन संगणक, म्हणजे पॅनल पीसी, आता सर्रास दिसतो. स्काडाचा, म्हणजे मशिनवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पडदा अडखळू लागला की लगेच मागणी येते, "पुढच्या वेळी ग्राफिक्स कार्डवालं मॉडेल घ्या." आपल्या किनाऱ्यावर ही मागणी महागात पडते, आणि बहुतेक वेळा तिची गरजच नसते.

पंखा असलेलं मॉडेल घेणं

मी सगळ्यात मोठी चूक हीच मानतो. एनव्हिडियाचं टी१००० कार्ड एकटं ५० वॅटपर्यंत वीज घेतं. इंटेल एन१०० हा प्रोसेसर ग्राफिक्ससकट ६ वॅटचा आहे. ५० वॅटची उष्णता बंद डब्यातून बाहेर काढायची म्हणजे पंखा आला, आणि पंख्याबरोबर मिरकरवाडा बंदराची खारी हवा थेट मदरबोर्डवर आली. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात ही पातळी आपल्याकडे रोजचीच. मग कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसतो, हीटसिंकच्या पात्यांत ओलसर धूळ घट्ट बसते, पंखा आवाज करू लागतो आणि तापलेलं कार्ड स्वतःचा वेग कमी करतं. म्हणजे ज्या वेगासाठी जास्त पैसे मोजले, तोच वेग हातून जातो.

शक्य तिथे फॅनलेसच घ्या. बोर्डावर संरक्षक लेप, म्हणजे कॉन्फॉर्मल कोटिंग आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. 'आयपी६५' (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण) वाचून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच मॉडेलांत ते संरक्षण फक्त समोरच्या बाजूला असतं. पाइपने फरशी धुणाऱ्या कारखान्यात पाणी मागूनही उडतं.

निदान न करता दोष ग्राफिक्सला देणं

आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स' पाहा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' दिसलं तर ड्रायव्हरच, म्हणजे ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअरच, बसलेलं नाही. सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. विंडोज नव्याने टाकल्यावर हे हमखास घडतं. जुन्या इंटेल जे१९०० प्रोसेसरच्या मशिनवर ओढूनताणून विंडोज ११ टाकणाऱ्यांनी तर हे पहिलं तपासावं, कारण तो प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत नाही.

ड्रायव्हर ठीक असेल तर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचे (ग्राफिक्स चिपचे) आलेख पाहा. टाक्या, व्हॉल्व्ह आणि तापमानाचे आकडे दाखवणाऱ्या पडद्याला ग्राफिक्स फारसं लागतच नाही. जीपीयू १० टक्क्यांवर आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर नवं कार्ड काहीही सुधारणार नाही.

अडखळण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे त्याच पडद्यावर लावलेले सीसीटीव्ही. नवे कॅमेरे एच.२६५ या व्हिडिओ आकुंचनाच्या पद्धतीत चित्र पाठवतात. जे१९०० हा २०१३ चा प्रोसेसर, त्यात जुनं एच.२६४ हार्डवेअरने उलगडतं, एच.२६५ नाही. दोन-तीन कॅमेरे लावले की बिचारा प्रोसेसर त्यातच अडकतो आणि ऑपरेटरच्या बोटाला बटण उशिरा प्रतिसाद देतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ निवडा, किंवा पडद्यासाठी कॅमेऱ्याचा कमी रिझोल्यूशनचा दुसरा प्रवाह, म्हणजे सबस्ट्रीम, घ्या. याला एक पैसा लागत नाही. एन१०० सारख्या नव्या प्रोसेसरांत एच.२६५ ची सोय आहे, पण सॉफ्टवेअर ती वापरतंय का, हे 'व्हिडिओ डीकोड' आलेखावरून पडताळा.

रॅमची एकच पट्टी

अंगभूत ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरतं. त्यामुळे दोन चॅनलच्या, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांच्या, मशिनमध्ये ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या बऱ्या. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉप-वर्गातल्या अनेक आय५ प्रोसेसरांत एकच पट्टी असेल तर 'आयरिस एक्सई' या वेगवान अंगभूत ग्राफिक्सऐवजी नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' दिसतं, आणि वेगही तसाच उतरतो. एन१०० ला चॅनल एकच, तिथे हा उपाय नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, ग्राफिक्सची मेमरी वाढवून बसण्यातही अर्थ नाही. विंडोज गरजेप्रमाणे ती घेतंच.

दुसरा ४के पडदा जोडायचा असेल तर पोर्ट पाहा. एचडीएमआय १.४ वर ४के ३० हर्ट्झलाच थांबतं आणि माउस ओढल्यासारखा चालतो. डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा एचडीएमआय २.० हवं.

खरंच कार्ड लागलं तर

कॅमेऱ्याने कोळंबीची प्रतवारी किंवा डब्यावरच्या लेबलची तपासणी एआयने करायची असेल, तर कार्डाचा विचार योग्य आहे. तरीही आधी इंटेलच्या ओपनव्हिनो या एआय सॉफ्टवेअरवर अंगभूत ग्राफिक्सनेच काम भागतं का, याची चाचणी घ्या. नाहीच भागलं तर कार्डवाला संगणक एसी असलेल्या कंट्रोल रूममध्ये ठेवा आणि लाइनवर फक्त सीलबंद टच मॉनिटर लावा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत लाइन थांबली, तरी लाइनवरचे पॅनल पीसी पूर्ण बंद ठेवू नका. चालू मशिनची ऊब आत ओल धरू देत नाही. वीजच तोडायची असेल तर मशिन उतरवून सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत ठेवा, आणि ऑगस्टमध्ये सुरू करण्याआधी कनेक्टर उघडून पाहा.